तीन घरांतला आवाज

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेच्या इमारती आहेत. त्यांतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक दालन आहे. तिथे कोणी राहत नाही, पण बारा महिने गारवा असतो. काळ्या लोखंडी रॅकच्या रांगा, त्यांत एकावर एक सरकवलेले सर्व्हर, आणि प्रत्येकाच्या कपाळावर बारीक दिवे. पंख्यांची घरघर नवख्या माणसाचं डोकं उठवते. काही महिन्यांनी ती ऐकूच येत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसलं की कानात काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं.

नम्रता गमरे या दालनात काम करते. फेऱ्या मारायच्या, पडद्यांवर लक्ष ठेवायचं, बिघडलेली डिस्क ओढून नवी बसवायची, सांगतील ती वायर सांगतील त्या भोकात घालायची. दुपारी जेवणानंतर ती मुद्दाम मधल्या रांगेची फेरी घेते. तिथे जमिनीच्या जाळीतून थंड हवा वर येते आणि पायांत साडीचा घोळ असावा तशी सलवार हलकेच फुगते. अशा वेळी तिला वाटतं, आपण एखाद्या मोठ्या झोपलेल्या गावातून चाललो आहोत. कोणाचा एक्स-रे, कोणाचं विजेचं बिल, कोणाच्या साखरपुड्याचे फोटो आपल्या दोन्ही बाजूंनी जात आहेत, आणि त्यांतल्या कोणालाही आपण इथे उभ्या आहोत हे माहीत नाही.

ती डिलाईल रोडच्या चाळीत जन्मली, तिथेच वाढली, अजून तिथेच राहते. वडील धम्मपाल गिरणीत होते. गिरणी गेल्यावर फोर्टातल्या एका कचेरीत लिफ्टमन झाले. पण चाळीत त्यांची ओळख लिफ्टमन म्हणून कधीच नव्हती. ते गायचे. एप्रिल आणि डिसेंबरात त्यांची गायन पार्टी कुठे कुठे जायची. एरवी लग्न, बारसं, नव्या घराचा प्रवेश. बाबासाहेबांची गाणी, चवदार तळ्याची गाणी, नव्या नवरीला चिडवणारी गाणी. रामदासकाका कोरसला आणि झांजेवर, बाबुराव ढोलकीवर, आणि मधे हार्मोनियमच्या भात्यावर हात ठेवून धम्मपाल. घरात त्यांना अप्पा म्हणत. अप्पांना जाऊन काही वर्षं झाली.

नम्रताने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसली, कॉल सेंटरमध्ये घसा बसवून घेतला आणि मग इथे आली. इथली भाषा तिला इरावतीने शिकवली. इरावती तिची वरिष्ठ, दादरच्या हिंदू कॉलनीतली, बोलायला तिखट आणि शिकवायला हातचं न राखणारी.

“नोड म्हणजे एकटं मशीन,” इरावती म्हणाली होती. “क्लस्टर म्हणजे अनेक नोड मिळून एकच असल्याचं नाटक करतात ते. स्विच म्हणजे हा डबा. सगळ्यांच्या वायरी इथे येतात. कोणाचा निरोप कोणाकडे धाडायचा ते हा बघतो.”

“आणि हार्टबीट?”

“प्रत्येक नोड सारखा बाकीच्यांना सांगत असतो, मी आहे, मी आहे. सांगायचा थांबला की बाकीचे धरून चालतात, गेला.”

नम्रताला तो शब्द फार आवडला. रांगांमधून चालताना तिला ते ऐकू यायला लागलं: मी आहे, मी आहे, अंधारातल्या गावात घरोघर चाललेलं.

कोरम शिकवताना मात्र दोघींची जराशी जुंपली.

“तीन नोड आहेत. दोन म्हणतात दार बंद, एक म्हणतो उघडं. क्लस्टर कोणाचं ऐकणार?”

“दोघांचं.”

“बरोबर. बहुमत म्हणजे कोरम. तिसऱ्याने मुकाट्याने दोघांसारखं व्हायचं.”

“आणि तिसराच खरं बोलत असला तर?”

“मशीनला खरं-खोटं कळत नाही गं. मोजता येतं.”

“हे आमच्या चाळीत कोणाला शिकवावं लागणार नाही,” नम्रता म्हणाली.

इरावतीने तिच्याकडे पाहिलं आणि दोन चहा सांगितले. तेव्हापासून त्या मैत्रिणी झाल्या.

ऑफिसने जुने पीसी भंगारात काढले तेव्हा नम्रताने तीन उचलले. घरी अप्पांच्या कॅसेट एका ट्रंकेत होत्या. चाळीच्या दमट हवेत फितींना बुरशी धरली होती. बऱ्याचशा कॅसेट एकदाच वाजल्या. वाजता वाजता फितीवरचा थर झडून टेपमध्ये तपकिरी भुकटी साचायची, आणि दुसऱ्यांदा लावलं तर नुसती खरखर. त्या एका वाजण्यात नम्रताने आवाज मशीनवर उतरवून घेतला. मग निकामी कॅसेट फेकल्या, ट्रंक रिकामी झाली आणि आईने, कमलाबाईंनी, तिच्यात गोधड्या भरल्या.

एका मशीनवर तो आवाज ठेवायला नम्रताचं मन होईना. तिने ऑफिसात जे पाहिलं तेच चाळीत मांडलं. एक मशीन तळमजल्यावर रामदासकाकांच्या खोलीत, एक दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या घरी, एक त्याच मजल्यावर समोरच्या बाबुराव-बकुळाकाकींकडे. वायरी गॅलरीतून, कपड्यांच्या दोरीच्या खिळ्यांवरून नेल्या. स्विचचा डबा आपल्या घराच्या माळ्याखाली ठोकला. नोडना नावं दिली: रामदास, कमला, बकुळा. तिन्हींवर गाण्यांची एकेक प्रत. कोणीही, कुठल्याही खोलीतून, हवं ते गाणं लावावं.

रामदासकाकांनी तेव्हा विचारलं होतं, “तीन-तीन कशाला?”

“मंडळाची भांडी कशी ठेवतो आपण?” तिने समजावलं. “तशीच.”

चाळीच्या मंडळाची मोठी पातेली आणि परात तीन घरांत वाटून ठेवलेली असतात. एकाकडे पाहुणे आले, जागा अडली, की तो आपल्या वाट्याचं पातेलं बाहेर काढतो. त्याने दुसऱ्याच्या घरातलं पातेलं हलत नाही. काकांना ते एकदम पटलं. उदाहरण चुकीचं होतं, हे त्या वेळी नम्रताच्याही ध्यानात आलं नाही.

बाबुराव पंधरवड्यापूर्वी वारले. बकुळाकाकी आणि त्यांचा मुलगा जयवंत त्यांना घेऊन मंडणगडाकडच्या गावी गेले आणि पुढच्या विधीसाठी तिथेच राहिले. ते परतायचे होते त्या दिवशी दुपारी रामदासकाकांचा फोन आला. नम्रता दालनाबाहेरच्या काचेच्या खोलीत पडद्यांसमोर बसली होती.

“नमे, मशीन एकदम साफ केलं बघ.”

“कुठलं मशीन, काका?”

“माझ्याकडचं गो. आमच्या नातीच्या, प्रितीच्या गॅदरिंगचं शूटिंग चढत नव्हतं. जागा नाय, जागा नाय, एकच पालुपद. शेवटी धम्मपालची गाणी काढून टाकली. तुझ्या घरी हायत, बकुळीकडे हायत, मी कशाला जागा अडवून बसू?”

नम्रताने खुर्चीचा हात धरला. “टोपलीत असतील ना? कचऱ्याच्या?”

“ती पण रिकामी केली. अर्धवट काम आपल्याला जमत नाय. आता पोरगी काय नाचते बघ, सगळं चढलं.”

“बरं काका,” ती म्हणाली.

इरावतीने तिचा चेहरा पाहून खुर्ची सरकवली. नम्रताने सांगितलं. इरावतीने सगळं ऐकून घेतलं.

“बॅकअप कुठे आहे?”

“तीन प्रती होत्या.”

“मी बॅकअप विचारलं. त्या प्रती नव्हेत गं, ते आरसे. तीन आरसे टांगलेस. समोरचा माणूस उठून गेला की तिन्ही रिकामे. एका ठिकाणी पुसलं की स्विचमधून निरोप जातो, सगळीकडे पुसा. ऑफिसात हे तू मला घडाघडा म्हणून दाखवतेस!”

“बाहेरची डिस्क घ्यायची राहिली.”

“पुसलेलं परत काढता येतं कधी कधी.”

“काकांनी गाण्यांच्याच जागी गॅदरिंग चढवलंय. ते दोन्ही मशीनवर उतरलंय.”

काचेपलीकडे दालनातले दिवे लुकलुकत होते. नम्रताने उगाच मोबाईल काढून घरच्या क्लस्टरचं पान उघडलं. ऑफिसातून त्या मशीनना हात लावता येत नसे, पण कोण जागं आहे आणि कोण नाही एवढं दिसे. रामदास हिरवं. कमला हिरवं. बकुळा लाल.

ती त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिली. बाबुरावांच्या जाण्यापासून तो लालच होता, आणि दर वेळी पाहताना तिला कसंसंच व्हायचं, म्हणून ती पाहणं टाळत होती. काकी गावी निघाल्या तेव्हा जयवंतने खोली बंद करताना विजेचा मेन स्विच खाली पाडला होता. मशीन तेव्हापासून झोपलं होतं. पुसा हा निरोप त्याच्यापर्यंत गेलेला नव्हता.

“इरावती, एक नोड बंद आहे.”

इरावती ताठ बसली. “आधीपासून?”

“पंधरा दिवस. त्याच्यावर सगळं असेल.”

“मग तो चालू होऊ देऊ नकोस. उठला की आधी बाकीच्या दोघांना विचारेल. दोघं म्हणतील काही नव्हतंच. कोरम.”

“आज येतायत ते लोक,” नम्रता म्हणाली, आणि तिचा हात आपोआप आईच्या नंबरवर गेला.

दुःखाच्या घरचे गावाहून परततात तेव्हा त्यांनी अंधाऱ्या खोलीत पाऊल ठेवू नये, असा चाळीचा शिरस्ता आहे. किल्ली शेजारी असते. शेजारीण आधी जाऊन दार उघडते, मेन लावते, केर काढते, पाणी भरते, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावते, पंखा फिरता ठेवते आणि पिठलं-भात झाकून ठेवते. बकुळाकाकींची किल्ली कमलाबाईंकडे होती.

फोन वाजत राहिला. आईचा फोन दिवसा उशीखाली असतो आणि आई जिथे काम असेल तिथे.

तिने रामदासकाकांना लावला.

“काका, आमच्या घरी जा. आत्ता. माळ्याखाली एक डबा आहे, हिरवे दिवे असलेला, सगळ्या वायरी जातात तो. तो बंद करा.”

“काय झालं?”

“तुम्ही काढलेली गाणी तिन्ही घरांतून गेली. नाही, ऐका. बकुळाकाकींकडे अजून आहेत. आई मेन लावेल तेव्हा तीही जातील. डबा बंद असला तर नाही जाणार.”

“तिन्ही घरांतून?”

“काका, आधी जा.”

“जातोय. माझे गुडघे माझं ऐकत नाय, पण जातोय.”

इरावतीने खण उघडला, एक डिस्क काढून तिच्या हातात ठेवली. “ही बॅकअप. वायरीला लावून ठेवायची नाही, भरायची आणि कपाटात बंद करायची. जा. फेरी मी मारते.”

गारव्यातून बाहेर आलं की लोअर परळची हवा अंगावर ओल्या चादरीसारखी पडते. नम्रता भराभर चालू लागली. धावली नाही, कारण धावताना तिला मोबाईल वाचता आला नसता. आवारातली जुनी चिमणी तशीच ठेवली आहे, शोभेला. तिच्यावर घारी बसतात. पुलाखालून जाताना वर रहदारीची घरघर होती आणि ती क्षणभर दालनातल्या घरघरीसारखीच वाटली. तिला दिसलं की तो आवाज आता कसा आहे: लहान लहान तुकडे, एका बंद खोलीतल्या एका बंद डिस्कवर, अंधारात. अप्पांचा श्वास एका ठिकाणी, त्याच श्वासातला शब्द दुसऱ्या ठिकाणी. कोणी हाक मारेपर्यंत ते तुकडे म्हणजे काहीच नव्हतं. हाक मारली तर गाणं. आणि चुकीच्या माणसाने हाक मारली तर तेही नाही.

रस्त्यावर मसाल्याच्या गिरणीतून मिरचीचा खकाणा येत होता. लोक शिंकत पुढे जात होते. तिला ते सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं संथ दिसत होतं.

चाळीच्या फाटकाशी तिने मोबाईल पाहिला आणि त्याच वेळी लाल ठिपका हिरवा झाला. बकुळा जागी झाली होती.

तिन्ही हिरवे. मी आहे, मी आहे, मी आहे. नम्रता फाटकातच उभी राहिली. तो हिरवा रंग तिने पंधरा दिवस पाहिला नव्हता, आणि तो सुंदर दिसत होता, हेच सगळ्यात वाईट होतं. मग पान थरथरलं आणि तिन्ही ठिपके एकदम गेले. लाल नाहीत, हिरवे नाहीत. नुसती पांढरी जागा.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर रामदासकाका बसले होते. घामाने निथळत होते. मांडीवर स्विचचा डबा होता, त्याला भिंतीचा पोपडा चिकटलेला, आणि चारी बाजूंनी वायरी लोंबत होत्या.

“कुठलं बटण ते कळेना,” ते म्हणाले. “म्हणून डबाच काढला. वेळेत काढला का?”

“माहीत नाही, काका.”

“सगळं जाईल हे तू सांगितलं नव्हतंस.”

“नव्हतं सांगितलं.”

“पातेलं म्हणालीस तू.”

“चुकलं माझं.”

काकांनी डबा दोन्ही हातांनी तसाच धरून ठेवला.

बकुळाकाकींच्या खोलीत ट्यूब लागली होती, पंखा फिरत होता, मेणबत्ती पंख्याच्या वाऱ्यात लवत होती. कमलाबाई फरशी पुसत होत्या.

“लवकर सुटलीस?” त्यांनी विचारलं. मग मुलीचा चेहरा पाहिला. “काय गो? कोण गेलं?”

“कोणी नाही. आई, हे मशीन कधी लागलं?”

“मेन वर केला तेव्हा आपोआप लागलं. मी हात नाय लावला. तुझ्या वस्तूंना मी हात लावत नाय, तूच ओरडतेस.”

कोपऱ्यात, नक्षीच्या कापडाखाली, मशीनचा दिवा जळत होता. नम्रता खाली बसली, कीबोर्ड मांडीवर घेतला. मशीनने आधी सांगितलं की आपण एकटे आहोत, बाकीचे दोघे उत्तर देत नाहीत, म्हणून आपण काहीही देणार नाही. एकट्या पडलेल्या नोडने असंच वागायचं असतं. तो चूक करण्यापेक्षा गप्प बसतो. नम्रताने त्याला बाजूला सारून थेट डिस्क उघडली.

गाणी तिने वर्षांप्रमाणे लावली होती. पुसण्याचं काम वरून सुरू झालं होतं. सगळ्यांत जुनी वर्षं गेली होती, नम्रताच्या जन्माआधीची. अप्पा गिरणीत होते आणि त्यांचा आवाज वर जाऊन न फाटता टिकायचा, ती. मोकळ्या झालेल्या जागेत गॅदरिंग उतरायला लागलं होतं, आणि एका वर्षाच्या मधोमध काम थांबलं होतं. तिथून खाली सगळं जागेवर होतं.

“आहेत,” ती म्हणाली. “जुनी गेली. बाकीची आहेत.”

“किती जुनी?” दारातून रामदासकाकांनी विचारलं.

“तुम्हाला मिशा होत्या तेव्हाची.”

काका खाली बसले. कमलाबाईंनी पुसायचं फडकं बादलीत पिळलं. बराच वेळ पिळत राहिल्या. “त्या वेळी फार ओरडून गायचे,” त्या शेवटी म्हणाल्या. “नंतर जरा नीट गायला लागले.”

नम्रताने इरावतीची डिस्क जोडली आणि प्रत काढायला लावली. पडद्यावर एक पट्टी अगदी सावकाश भरू लागली. तिघेही तिच्याकडे पाहत बसले. दुपारचं ऊन गॅलरीच्या कठड्यातून पट्ट्यापट्ट्यांनी आत आलं होतं आणि पुसलेल्या फरशीवर हलत होतं. पट्टी शेवटाला टेकली. नम्रताने डिस्क काढली, वायर गुंडाळली आणि ती पर्समध्ये ठेवून चेन लावली.

तेवढ्यात गॅलरीत पिशव्या टेकल्याचा आवाज झाला. बकुळाकाकी दारात उभ्या होत्या, मागे जयवंत. काकींनी दिवा पाहिला, मेणबत्ती पाहिली, मग रामदासकाकांच्या मांडीवरचा डबा पाहिला.

“हे काय? माझ्या घरात चोरी झाली का तुम्ही केलीत?”

“वहिनी, मी धम्मपालची गाणी पुसली,” रामदासकाका म्हणाले. “चुकून. अर्धी वाचली, ती तुमच्या घरात वाचली. तुम्ही लाईट बंद करून गेलात म्हणून.”

“मुद्दाम पुसली असतीत तर नीट तरी पुसली असतीत,” काकी म्हणाल्या. चपला काढून आत आल्या, तसबिरींपुढे हात जोडले, मग भिंतीला टेकून बसल्या. “लाव बघू एखादं. ढोलकी ऐकायची आहे.”

“आई, आत्ता?” जयवंत म्हणाला.

“मग कधी? गावाला पंधरा दिवस नुसती माणसं बोलत होती.”

नम्रताने मधलंच एक गाणं लावलं. अप्पांचा आवाज आला, थोडा बसका, शब्द दाबून ठेवणारा. कोरसमध्ये रामदासकाका अर्धा ठेका उशिरा. ढोलकी जोरात. कमलाबाई उठून दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

बकुळाकाकींनी डोळे मिटून थोडं ऐकलं आणि मान हलवली.

“हे बाबुराव नव्हेत.”

“अहो वहिनी, त्यांच्याशिवाय दुसरं कोण असणार?” रामदासकाका म्हणाले.

“तापाने पडले होते त्या दिवशी. तुम्ही परळचा कोण तो पोरगा बसवला होता. ऐका ना, थाप कशी पळतेय, गाडी चुकल्यासारखी. पुढचं लाव, नमे.”

पुढचं लागलं. आधी खुर्ची सरकवल्याचा आवाज, अप्पांचा खाकरा, कोणीतरी चहाचा कप ठेवला तो. मग ढोलकीच्या तोंडावरच्या काळ्या शाईवर बोट घासलं गेलं, एकदा, पुन्हा एकदा, सूर बसेपर्यंत. काकींचा हात गुडघ्यावर पडला आणि तिथेच राहिला. ठेका सुरू झाला, सावकाश, गाण्याच्या जरासा मागून येणारा, पण कुठेच न चुकणारा.

“हं,” काकी म्हणाल्या. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग उठल्या, पदर खोचला आणि पिठल्यावरचं झाकण काढून पाहिलं.

“चालू राहू दे ते,” त्या म्हणाल्या. “जयवंता, ताटं घे. सगळे बसा.”